घाई नाही, उद्या चालेल

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, खिडकी नसलेल्या एका खोलीत तो कवळ्या करायचा. तेवीस वर्षं हेच काम. डॉक्टरीणबाईंनी घेतलेला हिरड्यांचा ठसा त्याच्याकडे यायचा, त्यात प्लास्टर ओतून तो जबडा उभा करायचा, मग मेणात एकेक दात बसवायचा. हात इतका सरावलेला की कवळी तोंडात गेल्यावर घासावी लागण्याची वेळ क्वचितच यायची. दोस्तमंडळी त्याला बत्तिशी म्हणायची. बायको एरवी ‘अहो’ म्हणायची, भांडणात मात्र बत्तिशीच. माणसाचं नाव तो दुसऱ्या दिवशी विसरायचा, चेहराही विसरायचा. पण एकदा हाताखालून गेलेला जबडा त्याच्या बोटांना कायमचा पाठ व्हायचा.

या कामात थांबणं फार. मेण मऊ होईस्तोवर दोन मिनिटं, प्लास्टर घट्ट होईस्तोवर अर्धा तास. पूर्वी अशा वेळी तो शीळ घालायचा, हत्यारं पुसायचा. मग हातात मोठा फोन आला आणि ते सगळं थांबणं फोननं गिळून टाकलं. पुढे फोन कामातही शिरला. जेवताना फोन, जिन्यात फोन, लिफ्टमध्ये फोन. कोणाचाही निरोप आला की उत्तर म्हणून हा अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा. बायको म्हणायची, “शिकूनसवरून शेवटी अंगठेबहाद्दरच झालात.”

एके दिवशी मात्र पाणी डोक्यावरून गेलं. गंजलेली कुऱ्हाड घासून लखलखीत करणाऱ्या कुठल्याशा माणसाचा व्हिडिओ बघता बघता त्यानं दोन कवळ्या दोन डब्यांत भरल्या, आणि त्या अदलाबदल झाल्या. एक होती निवृत्त हेडमास्तरांची, दुसरी एका बारीक चणीच्या बाईंची. बाईंनी कवळी तोंडात घातली आणि लगेच परत आणून दिली. हेडमास्तर तीन दिवसांनी आले. हिरड्या सोलवटल्या होत्या, बोलताना डोळ्यांत पाणी येत होतं.

“मला वाटलं, नव्या दातांची सवय व्हायला वेळ लागतो,” ते म्हणाले. “म्हणून तक्रार केली नाही.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी दोन्ही डबे त्याच्या टेबलावर ठेवले, म्हणाल्या, “बघून घ्या,” आणि निघून गेल्या. त्या दोन शब्दांनी तो दिवसभर जळत राहिला.

संध्याकाळी मुलीला घेऊन तो फोनच्या दुकानात गेला. मुलगी कॉलेजात होती, या बाबतीत घरातली जाणकार. दुकानदारानं आधी सवयीनं ताटाएवढे फोन काढले. मुलगी म्हणाली, “उलटं दाखवा. ज्यात काहीच करता येत नाही असा हवाय.”

दुकानदारानं कपाटाच्या तळातून एक छोटी पेटी काढली. साबणाच्या वडीएवढा फोन, करडा पडदा, त्यावर अक्षरं फक्त. बोलणं, निरोप, घड्याळ, रस्त्याचा नकाशा. बाकी काही नाही. व्हिडिओ नाही, चित्रं नाहीत, खाली सरकत राहणारं काही नाही.

“घेतात का लोक?” त्यानं विचारलं.

“घेतात. निम्मे आठवड्यात परत आणतात.”

“का?”

दुकानदारानं बाहीनं पेटीवरची धूळ पुसली. “म्हणतात, इकडेतिकडे बघवत नाही.”

मुलगी हसली. त्यालाही ते गमतीचंच वाटलं. नंबर नव्या फोनमध्ये गेला, जुना फोन कपाटाच्या खणात.

पहिले दोन दिवस वाईट गेले. हात आपसूक खिशाकडे जायचा, अंगठा हवेतच वर-खाली व्हायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे सातव्या मजल्यावरून लिफ्टनं निघाला. आठ वाजून दहा मिनिटं. लिफ्टमध्ये रोजचीच माणसं: नवव्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ, कानात इअरफोनची बोंडं खुपसलेली एक मुलगी, एकसारखे दिसणारे दोघे भाऊ. चौघांच्याही माना खाली. आता याच्याकडे बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून तो दाराकडे बघत होता.

चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दार उघडलं. समोर लांबच लांब बोळ, ट्यूबलाइटचा पांढरट उजेड, आणि दारापासून दोन पावलांवर एक बाई उभ्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. मोहरीच्या रंगाचा स्वेटर, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली पर्स. लिफ्टकडे तोंड करून उभ्या होत्या, पण आत येत नव्हत्या. बोंडंवाल्या मुलीनं मान वर न करता दार मिटायचं बटण दाबलं. दार मिटलं.

वर जायचं असेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तीच बाई, तोच स्वेटर, तीच जागा. तिसऱ्या दिवशी त्यानं मिटणाऱ्या दारात हात घातला. “येताय ना?”

चौघांनी एकदम माना वर केल्या. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बोळाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. बँकेतले गृहस्थ म्हणाले, “कोणी आहे का?”

“या काय,” तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला कळलं की त्यांना ट्यूबलाइटशिवाय काहीही दिसत नाहीये. बाई जागच्या हलल्या नाहीत. नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. गाल आत गेलेले, ओठ दुमडून तोंडात ओढल्यासारखे. तोंडात एकही दात नाही, हे त्यानं कोणी न सांगताच ओळखलं. त्यानं हात काढून घेतला.

खाली आल्यावर त्यानं रखवालदाराला गाठलं. हा गडी इमारत बांधली तेव्हापासूनचा.

“ही लिफ्ट चौथ्यावर का थांबते रोज?”

“ती होय? पाच-सहा वर्षं झाली की. सकाळी आठ-दहाला थांबतेच. मेकॅनिक तीनदा येऊन गेला, त्याला दोष सापडेना. तुम्ही रोज जाता, तुम्हाला आज कळलं?”

“चौथ्यावर राहतं कोण?”

“एका बाजूला वकिलाचं ऑफिस, ते अकराला उघडतं. दुसऱ्या बाजूची दोन्ही घरं बंद.”

“मोहरी रंगाचा स्वेटर घालणाऱ्या कोणी बाई?”

रखवालदारानं डोकं खाजवलं. “आता कोणी नाही,” तो म्हणाला, आणि त्यातला ‘आता’ बत्तिशीच्या मनात काट्यासारखा राहिला.

शनिवार-रविवार त्यानं जिना वापरला. घरात कोणाला काही बोलला नाही. बोलणार तरी काय, फोन सोडला आणि डोळ्यांना भलतंसलतं दिसायला लागलं? सोमवारी त्यानं स्वतःलाच दम भरला, पन्नाशी उलटलेला माणूस तू, आणि लिफ्टमध्ये शिरला. चौथ्यावर दार उघडलं. बाई पुढे आल्या आणि आत शिरल्या.

लिफ्ट लहान, पाच माणसांनी भरलेली. त्याला वाटलं, आता यांचा धक्का कोणाला तरी लागेल, कोणीतरी दचकेल. तसं झालं नाही. बँकेतले गृहस्थ फोनमधून नजर न उचलता अर्धं पाऊल मागे सरकले. मुलीनं खांदा आक्रसला. दोघे भाऊ एकमेकांना चिकटले. रोजच्या सवयीची गोष्ट करावी तशी, नकळत, चौघांनीही जागा करून दिली. आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की आपला स्वतःचा पायही मागे गेला आहे, न सांगता, न ठरवता. त्या पायाला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं.

बाई दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. त्या एकेकाच्या खाली घातलेल्या तोंडाकडे वाकून बघत होत्या. ओळखीचं माणूस गर्दीत शोधावं तशा. गृहस्थ झाले, मुलगी झाली, भाऊ झाले. मग त्या त्याच्यापाशी आल्या. त्याला लवंगेच्या तेलाचा वास आला. त्याची मान वर होती. ती खाली घालण्याचं बळही त्याच्यात नव्हतं. बाईंनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तोंड उघडलं.

वरच्या हिरडीचा डावा कंगोरा उजव्यापेक्षा उंच होता. टाळूच्या मध्यावर हरभऱ्याएवढी हाडाची गाठ होती. त्याची दातखीळ बसली. हा जबडा त्याच्या बोटांनी घडवलेला होता.

लिफ्ट तळाला पोचली, माणसं बाहेर पडली, त्यांच्याबरोबर तोही वाहत गेला. मागे वळून बघण्याची त्याला छाती झाली नाही.

त्या दिवशी त्यानं कामाला हात लावला नाही. खोलीतल्या वरच्या फळीवर न नेलेल्या कवळ्यांचे डबे होते. माणसं कवळी करायला टाकतात आणि गाव सोडतात, आजारी पडतात, मरतात. असे डबे प्रत्येक कारागिराकडे असतात. स्टुलावर चढून त्यानं एकेक डबा उघडला. चौदाव्या डब्यावर तो थांबला. उंच डावा कंगोरा, गाठीसाठी मुद्दाम खोलगट ठेवलेली टाळू. झाकणावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: चौथा मजला. घरी जाताना देणे.

मग हळूहळू आठवलं. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी ठसा देताना सांगितलं होतं, “या तुमच्याच इमारतीत राहतात. उरलेसुरले दात काढून दोन महिने झालेत. गुडघ्यानं बेजार आहेत, चार घरं चालवत नाही. कवळी तुम्हीच नेऊन द्याल का?” आणि तो म्हणाला होता, “देतो की, वाटेवरच तर आहे.”

दुपारी तो घरी आला. खणातला जुना फोन काढून त्यानं चार्जिंगला लावला. निरोपांचा ढिगारा उपसत उपसत तो सहा वर्षं मागे गेला. तिथे एक अनोळखी नंबर होता, आणि त्याखाली तीन निरोप.

पहिला: “नमस्कार. कवळी झाली असं डॉक्टर म्हणाल्या. आज येताय का?”

दुसरा, चार दिवसांनंतरचा: “घाई नाही, उद्या चालेल.”

तिसरा, त्यानंतर आठवड्यानं: “तुम्हाला घरी यायला वेळ होत नसेल तर मी सकाळी आठ-दहाला चौथ्यावर लिफ्टपाशी थांबते. जाता जाता हातात द्या.”

तिन्ही त्यानं वाचलेले होते. तिसऱ्याखाली त्याचं उत्तर होतं. अंगठा.

तो पलंगावर बसून राहिला. भुताची भीती त्याला सकाळी वाटली होती. आता जे वाटत होतं त्याला भीती म्हणता आलं नसतं. सकाळची जी बाई त्याला दिसली ती कोण, कशी, हे त्याला कळत नव्हतं. पण सहा वर्षांपूर्वीची बाई जिवंत होती. लिफ्ट चौथ्यावर थांबत होती कारण तिनं बटण दाबलेलं असायचं. दार उघडायचं, आत हा उभा असायचा, मान खाली, आणि दार मिटायचं.

रखवालदाराकडे बाईंच्या पुतणीचा नंबर होता. त्यांच्या बंद घराची किल्ली तिच्याकडे असायची. त्यानं छोट्या फोनवरून तिला फोन केला. आधी आपण कोण ते सांगितलं. मग सगळं सांगितलं, लिफ्टमधलं सोडून.



“तर ते तुम्ही,” पुतणी म्हणाली. आवाजात राग नव्हता. “काकू रोज सकाळी तयार होऊन उभी राहायची. पर्स घेऊन, त्यात कवळी ठेवायला रुमाल. तीन आठवडे. मी रविवारी यायचे तेव्हा म्हणायचे, अगं, त्यांना हाक मार, दार अडव. तर म्हणायची, ते फोनवर कसल्यातरी महत्त्वाच्या कामात असतात गं, मध्येच कसं बोलायचं?”

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी म्हटलं, मग दुसरीकडून करून घेऊ. तर म्हणाली, त्यांनी अंगठा पाठवलाय, म्हणजे लक्षात आहे. चाळीस वर्षं नर्स होती ती. दुसऱ्याचं काम होईपर्यंत थांबायची सवय. पेज पिऊन राहायची. मग ताप आला, आणि अंगात ताकदच नव्हती.”

“कवळी माझ्याकडे आहे,” तो म्हणाला. “मी आणून देऊ का?”

“मी काय करू तिचं?” पुतणी म्हणाली. मग “तुम्हीच बघा,” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण त्यानं गिऱ्हाइकांना हसत हसत शंभरदा ऐकवली असेल. त्या दिवशी त्यानं कवळी ब्रशनं धुतली, पॉलिश केली, कडा पुन्हा पुन्हा बोटानं तपासल्या. जणू संध्याकाळी खरंच कोणाच्या तोंडात बसवायची आहे.

मंगळवारी चौथ्यावर दार उघडल्यावर तो बाहेर पडला. मागे दार मिटलं, लिफ्ट खाली गेली. बोळात तो आणि बाई. ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येत होती. बाईंच्या पायाशी सावली नव्हती, आणि याला त्याचं काही वाटलं नाही.

“उशीर झाला,” तो म्हणाला. “फार उशीर झाला. चूक माझी.”

त्यानं डबा पुढे केला. बाईंनी हात पुढे केला नाही. त्यांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या, सावकाश, पोटभर, आजारी माणसाची नर्स बघते तशा. मग लिफ्ट आपणहून वर आली, दार उघडलं, बाई आत गेल्या आणि दार मिटलं. त्यानं डबा त्यांच्या बंद घराच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि तो जिन्यानं खाली उतरला. 

संध्याकाळी येताना तो पुन्हा चौथ्यावर गेला. डबा तिथेच होता, झाकण लावलेलं. त्यानं उघडून पाहिला. कवळी आत होती. ओली होती. नुकतीच तोंडातून काढल्यासारखी कोमट होती.

घरी आल्यावर त्याचा चेहरा पाहून बायकोनं गॅस बंद केला. “काय झालंय तुम्हाला? आठवडाभर बघतेय.”

त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. तीन निरोप दाखवले तेव्हा तिनं ते दोनदा वाचले, आणि तिसऱ्या निरोपाखालच्या अंगठ्यावर तिची नजर अडकून राहिली.  नेहमी बोलणारी बाई बोलली नाही, हे त्याला जास्त लागलं.

सकाळी ती तयार होऊन दारात उभी. फोन तिनं टेबलावर पालथा ठेवला होता. “चला,” ती म्हणाली.

चौथ्यावर दार उघडलं तेव्हा तिच्या बोटांनी त्याचं कोपर घट्ट आवळलं. नखं रुतली. म्हणजे तिलाही दिसत होतं. पण ती डगमगली नाही. कोणी पाहुणं आल्यावर बोलावं त्या आवाजात म्हणाली, “या ना काकू, जागा आहे.”

कानात बोंडं घातलेल्या मुलीनं एक बोंड काढून इकडेतिकडे पाहिलं, आणि पुन्हा घातलं.

रस्त्यावर आल्यावर बायकोनं विचारलं, “खाली आल्यावर त्या कुठे जातात?”

“मला माहीत नाही. दार उघडलं की मी आधी बाहेर पडतो.”

“उद्या आधी पडू नका.”

दुसऱ्या दिवशी दोघं आतच थांबले. बाकीचे बाहेर पडले. दार मिटलं आणि कोणी बटण न दाबता लिफ्ट वर निघाली. बाई त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. बायकोनं हवापाण्याच्या चार गोष्टी काढल्या. आवाज कापत होता, पण काढल्या. चौथ्यावर बाई उतरल्या, दोन पावलं गेल्या, वळल्या आणि नेहमीच्या जागी लिफ्टकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“कुठेच जात नाहीत हो,” बायको म्हणाली, आणि तिला रडू आलं.

या गोष्टीला एक पावसाळा होऊन गेला. इमारतीनं जुनी लिफ्ट काढून नवी बसवली. नवीत आरसा आहे, मजल्याचं नाव घेणारा बाईचा आवाज आहे, आणि ती चौथ्यावर आपणहून थांबत नाही. बसवली त्या दिवशी रखवालदार खूश होता. बत्तिशीनं सातव्यावर लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या चारचं बटण दाबलं. तेव्हापासून रोज दाबतो. कधी बायको बरोबर असते, कधी तो एकटा.

परवा बँकेतल्या गृहस्थांना उशीर होत होता. चौथ्यावर दार उघडं राहिलं तसे ते वैतागून म्हणाले, “अहो, रोज कशाला थांबवता? इथे कोणी आहे का?”

“आहेत,” तो म्हणाला, आणि दार धरून उभा राहिला.